सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात

नागपूर–तुळजापूर महामार्गावर यवतमाळहून आर्णीकडे निघालेली कार ताशी ८० किलोमीटरने धावते, तेव्हा ती दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. आत बसलेल्यांना हा वेग जाणवत नाही. काचा वर असतात, गाणी सुरू असतात, मागच्या सीटवर कुणाचा तरी डोळा लागलेला असतो. पण त्या झोपलेल्या माणसाचं शरीरही सेकंदाला २२ मीटर याच वेगाने चाललेलं असतं. गाडी थांबली म्हणून ते आपोआप थांबत नाही. त्याला वेगळं थांबवावं लागतं.

हा वेग केवढा, ते उंचीत मोजून पाहा. २५ मीटरवरून, म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेला माणूस जमिनीला टेकताना बरोबर याच वेगात असतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे जवळजवळ १० मीटर, तीन मजले. ताशी १०० म्हणजे ३९ मीटर, तेरा मजले. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, कारण शरीरातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तिसऱ्या मजल्यावरच्या बिनकठड्याच्या गच्चीवर आपण लेकराला फिरकूही देत नाही. तेच लेकरू ताशी ५० च्या गाडीत पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन आपण निर्धास्त बसतो.

एका अपघातात तीन धडका

गाडी आदळते तेव्हा प्रत्यक्षात तीन धडका बसतात. पहिली गाडीची: बंपर समोरच्या वस्तूवर आदळतो, बोनेट चुरगळू लागतं. दुसरी शरीराची: अजूनही मूळ वेगाने पुढे जाणारा माणूस स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर, काचेवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो. तिसरी शरीराच्या आतली: मेंदू कवटीवर आपटतो, हृदय, यकृत आणि मोठ्या रक्तवाहिन्या आपल्या जागेवरून ओढल्या जातात. बाहेरून खरचटल्याचीही खूण नसलेला माणूस दवाखान्यात पोहोचेपर्यंत जातो, तो बहुतेक वेळा या तिसऱ्या धडकेने.

महाराष्ट्राने हे फार जवळून पाहिलं आहे. ३ जून २०१४ च्या सकाळी गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दिल्लीच्या एका चौकात दुसऱ्या कारची धडक बसली. केंद्रीय मंत्री म्हणून शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. शवविच्छेदनात मानेला आणि यकृताला झालेल्या इजा समोर आल्या. तो महामार्ग नव्हता, शहरातला रस्ता होता.

पहिली धडक टाळणं प्रत्येक वेळी आपल्या हाती नसतं. सीटबेल्ट आणि एअरबॅग यांचं सगळं काम दुसऱ्या आणि तिसऱ्या धडकेवर चालतं. ते काम दोनच मापांत मोजता येतं: सेंटीमीटर आणि मिलिसेकंद.

पाच सेंटीमीटर की साठ

धरा, ब्रेक दाबूनही गाडी ताशी ५० च्या वेगाने आदळली. आत ६५ किलो वजनाचा माणूस आहे. आता प्रश्न एकच: त्याचं शरीर किती अंतरात थांबणार?

पट्टा लावलेला असेल तर तो माणूस गाडीला बांधलेला असतो. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळण्यासाठीच केलेला असतो. तो दबत जाताना जे अंतर मिळतं ते त्या माणसालाही मिळतं, आणि पट्टा थोडा सैल सुटतो ते अंतर वर. सगळं मिळून साधारण ६० सेंटीमीटर धरू. तेवढ्या अंतरात ताशी ५० वरून शून्यावर यायचं तर सरासरी १६ जी एवढा झटका बसतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सोळापट. ६५ किलोच्या माणसासाठी हा भार होतो साडेदहा क्विंटल.

पट्टा नसेल तर? बोनेट चुरगळत असताना तो माणूस मोकळाच पुढे निघालेला असतो. त्याला गाडीच्या त्या अंतराचा काहीच लाभ होत नाही. तो डॅशबोर्डपर्यंत पोहोचतो तोवर गाडी जवळजवळ थांबलेली असते आणि त्याला थांबायला उरतात फार तर पाच सेंटीमीटर. अंतर बाराव्या हिश्श्यावर आलं की भार बारापट होतो. झटका जवळपास २०० जी. भार १२८ क्विंटल.

यवतमाळ कापसाचा जिल्हा आहे, म्हणून हिशेब कापसातच मांडतो. जिनिंगमधून निघणारी रुईची एक गाठ १७० किलोची. पट्टा लावलेल्या माणसावर येणारा भार सहा गाठींचा, आणि तोही नितंबाचं हाड, छातीचा पिंजरा आणि खांदा यांवर पसरलेला, म्हणजे शरीरातल्या त्यातल्या त्यात मजबूत हाडांवर. बिनपट्ट्याच्या माणसावर येतो ७५ गाठींचा भार, आणि तो कपाळावर, गळ्यावर, गुडघ्यांवर, जिथे आधी लागेल तिथे.

हाच हिशेब मांडीवरच्या लेकरासाठी करा. दहा किलोचं मूल, तोच वेग, तेच ६० सेंटीमीटर. आईने स्वतः पट्टा लावला आहे असंही धरू. मुलाला धरून ठेवायला तिच्या हातांना १६४ किलोचा भार झेलावा लागेल. म्हणजे जवळजवळ एक अख्खी गाठ, दोन हातांत, तीही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात अचानक. जगातल्या कुठल्याही आईला हे जमणार नाही. माया कमी पडते म्हणून नव्हे, हाडामांसाची ताकदच तेवढी नसते म्हणून.

माणसाचं शरीर नीट बांधलेलं असेल तर किती सोसू शकतं, हे अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत त्यांनी स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीवर पट्ट्यांनी आवळून घेतलं. गाडीने ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि ती दीड सेकंदाच्या आत थांबली. झटका ४६.२ जी. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, पण स्टॅप वाचले आणि पुढे ८९ वर्षांचे होऊन गेले. ताशी हजार किलोमीटरवरून थांबलेला माणूस जगला, कारण तो बांधलेला होता. ताशी पन्नासवरून थांबलेला माणूस दगावतो, कारण तो मोकळा असतो.

शंभर मिलिसेकंद

आता वेळ. समोरून बसणारी धडक सुरू होऊन संपायला साधारण १०० मिलिसेकंद लागतात. पापणी मिटून उघडायला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. म्हणजे अपघात डोळ्यांनी पाहण्याआधीच संपलेला असतो. त्या वेळात गाडीत काय काय घडतं?

पहिल्या १५–२० मिलिसेकंदांत गाडीतला सेन्सर निर्णय घेतो. खड्ड्यात आपटलेलं चाक आणि खरी धडक यांतला फरक त्याला एवढ्यातच ओळखायचा असतो. ताशी साधारण वीस-पंचवीसच्या वेगाने पक्क्या भिंतीवर आदळावं, तेवढा झटका असेल तरच तो पुढचा हुकूम सोडतो. हुकूम मिळताच पट्ट्याच्या रिळाजवळचा छोटा स्फोटक दारूचा भार पेटतो आणि पट्टा काही सेंटीमीटर मागे ओढून अंगाला घट्ट करतो. त्याच वेळी एअरबॅगमधलं रसायन पेटतं. जुन्या बॅगांत सोडियम अझाइड असे. त्याच्या १३० ग्रॅमच्या पुडीतून सत्तरएक लिटर नायट्रोजन तयार होतो. पुढच्या २०–३० मिलिसेकंदांत बॅग पूर्ण फुगते. तिचा बाहेर येण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो.

धडकेनंतर ५०–६० मिलिसेकंदांनी डोकं बॅगेत रुततं. तेव्हा बॅगेच्या मागच्या भोकांतून वायू बाहेर पडू लागलेला असतो, म्हणून ती डोक्याला उलटं न फेकता दबत जाते आणि थांबायला आणखी काही सेंटीमीटर देते. इकडे छातीवरचा भार चारएक क्विंटलांच्या वर जाऊ लागला की पट्ट्याचं रीळ मुद्दाम थोडा पट्टा सोडतं, बरगड्या मोडू नयेत म्हणून. शंभराव्या मिलिसेकंदाला सगळं संपतं. गाडीत धुरासारखं जे दिसतं ती बहुतेक बॅगेवरची पावडर असते. गाडी पेटली या भीतीने घाबरून जायचं कारण नाही.

तो पट्टा म्हणजे पाच सेंटीमीटरही रुंदी नसलेली पॉलिएस्टरची पट्टी. अमेरिकी मानकानुसार तिच्या कमरेवरच्या भागाने २२ क्विंटलांहून जास्त ओढ सोसली पाहिजे. हातात धरून हळू ओढा, सरळ बाहेर येते. एकदम हिसका द्या, जागच्या जागी अडकते. रिळातला हा अटकाव झटक्यावरच चालतो. म्हणूनच पट्टा लावून पुढे वाकता येतं, खिडकीबाहेर पाहता येतं, आणि धडकेच्या क्षणी तोच पट्टा लोखंडासारखा धरून ठेवतो.

बॅग आहे, मग पट्टा कशाला?

हा समज सगळ्यात घातक आहे. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठी बेतलेली असते. पट्टा नसलेला माणूस ब्रेक लागतानाच सीटवरून पुढे सरकतो आणि बॅग भरण्याआधीच तिच्यापाशी पोहोचतो. मग ताशी ३०० च्या वेगाने फुगणारी बॅग त्याच्या तोंडावर, मानेवर आदळते. बॅगेचे पहिले पाच-आठ सेंटीमीटर सर्वांत जोरकस असतात. म्हणून छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतात. डॅशबोर्डवर पाय टाकून बसू नये, एअरबॅगच्या झाकणावर देवाची मूर्ती किंवा अत्तराची बाटली चिकटवू नये, लहान मुलांना पुढच्या सीटवर बसवू नये, हे सगळं त्याच वेगामुळे.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेच्या हिशेबाने समोरच्या एअरबॅगांनी १९८७ ते २०१७ या तीस वर्षांत ५०,४५७ जीव वाचवले. सीटबेल्टने एकट्या २०१७ या वर्षात १४,९५५. पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या मृत्यूची शक्यता पट्ट्यामुळे ४५ ते ५० टक्क्यांनी घटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि हा पट्टा जगाला फुकट मिळालेला आहे. व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये कमर आणि खांदा एकाच पट्ट्यात धरणारा तीन टोकांचा सीटबेल्ट तयार केला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत. कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं केलं. एअरबॅगची कल्पना तर बापाच्या हातातून आली. १९५२ मध्ये अमेरिकेत जॉन हेट्रिक यांची गाडी रस्त्याबाहेर गेली, तेव्हा त्यांनी आणि पत्नीने मध्ये बसलेल्या मुलीला वाचवायला आपोआप हात आडवे घातले. तिघेही सुखरूप राहिले. हाताऐवजी तिथे काहीतरी मऊ असायला हवं, या विचारातून त्यांनी पुढच्याच वर्षी पेटंट मिळवलं.

मागच्या सीटवरचा माणूस

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी बनवणाऱ्या कंपनीने पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार ब्रेक लागले तेव्हा वेग ताशी १०० होता आणि धडकेच्या क्षणी ८९. म्हणजे ३१ मीटरवरून पडण्याएवढा. गाडी महागडी, भरपूर एअरबॅगांची. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे, मिस्त्री त्यांतले एक, गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते.

मागे बसणाऱ्याचा पट्टा हा त्याच्या एकट्याचा प्रश्नही नाही. ताशी ५० च्या धडकेत मागचा ६५ किलोचा माणूस मोकळा असेल, तर तो त्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्याला पट्टा व बॅग यांच्यात चेंगरतो. जपानमधल्या अपघातांचा अभ्यास २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागच्यांनी पट्टा लावलेला नसेल, तर पुढच्या पट्टा लावलेल्या माणसाच्याही मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मागे बिनपट्ट्याने बसलेला भाऊ गाडी चालवणाऱ्या भावाचाही जीव धोक्यात घालतो.

आपल्या जिल्ह्याचे रस्ते

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडून देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो: वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी आणि मग तेलंगणा. मधून नागपूर–तुळजापूर मार्ग जातो: कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड. वणीकडे कोळशाचे ट्रक, हंगामात सगळीकडे कापसाच्या गाड्या, लग्नसराईत वऱ्हाडाच्या. रस्ते चौपदरी आणि गुळगुळीत झाले, वेग वाढला. पन्नासवरून ऐंशीवर गेलो की वेग दीडपटीपेक्षा थोडाच जास्त होतो, पण झेलायची ऊर्जा अडीचपट होते.

या रस्त्यांवर अनेकांच्या वाट्याला पट्टा येतच नाही. काळी-पिवळीत दाटीवाटीने बसलेल्यांना, पिकअपच्या हौद्यात उभ्या असलेल्या वेचणीच्या मजुरांना, एस.टी.च्या बाकावरच्या प्रवाशांना तो मिळत नाही. मे २०२० मध्ये सोलापूरहून परप्रांतीय मजुरांना घेऊन निघालेली बस आर्णीजवळ टिपरवर आदळली आणि चार जण गेले. ज्यांना पट्टा मिळू शकत नाही त्यांच्यासाठी वाहनाचा वेग आणि माणसांची संख्या यांवरच लक्ष ठेवावं लागेल. मालवाहू गाडीतून माणसं नेणं थांबवावं लागेल.

पट्ट्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकला कार मागून धडकली, तर ट्रकचा हौदा बोनेटच्या वरून थेट काचेवर येतो. चुरगळण्यासाठी बनवलेला भाग खालून निघून जातो आणि मिळायचं ते अंतर मिळतच नाही. तिथे ट्रकच्या मागचा आडवा लोखंडी दांडा, चकाकणाऱ्या पट्ट्या आणि आपला कमी वेग हेच वाचवतात.

पण ज्यांच्याकडे पट्टा आहे त्यांचं काय? मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना सीटबेल्टचा इशारा बंद करणाऱ्या क्लिपा विकण्यास मनाई केली. तेव्हा संकेतस्थळांवरून १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. पट्टा न लावता गाडीची टिकटिक बंद करायची एवढ्यासाठीच ही वस्तू बनते आणि खपते. समोर बसवलेले भक्कम लोखंडी गार्ड केंद्र सरकारने २०१७ मध्येच बेकायदा ठरवले, कारण ते धडकेचा झटका बदलतात आणि सेन्सरचा अंदाज चुकवतात. ते अजूनही गाड्यांवर दिसतात.

आणि मागचा पट्टा? आपल्याच गाडीच्या मागच्या सीटची गादी आणि पाठ यांच्या फटीत बोटं घालून पाहा. शेंगांची टरफलं, सुटे पैसे निघतील, आणि त्यांच्याखाली सीट कव्हरमध्ये दबलेलं लाल बटणाचं बकल. गाडी घेतली त्या दिवसापासून ते अनेक घरांत वर आलेलंच नसतं.

एक लाख अडुसष्ट हजार

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ नगरपालिकेच्या हद्दीत १,१६,५५१ लोक होते. म्हणजे अख्खं यवतमाळ शहर आणि वर आणखी ५० हजार माणसं, एका वर्षात. त्यांपैकी महाराष्ट्रातली १५,२२४.

त्याच वर्षी सीटबेल्ट न लावलेले १६,७१५ जण मरण पावले. ८,३८४ चालक, ८,३३१ प्रवासी. दिवसाला ४६, म्हणजे दर ३१ मिनिटांना एक. यवतमाळहून निघून तीन तासांत नागपूर गाठेपर्यंत देशात कुठे ना कुठे असे सहा जण गेलेले असतात. पट्टा लावला असता तर हे सगळेच वाचले असते असं नाही. काही धडका कुठल्याच पट्ट्याला झेपणाऱ्या नसतात. पण ४५ टक्के जरी धरले तरी साडेसात हजार माणसं होतात. दरवर्षी.

कायदा स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न लावल्याचा दंड १०० वरून १,००० रुपये झाला, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधून बसवणं बंधनकारक झालं, आणि मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाला, जानेवारी २०२२ पासून शेजारच्यालाही एअरबॅग आहे. पण कायदा चौकातल्या पोलिसाच्या भीतीने पाळला जातो. चौक संपला की पट्टा निघतो आणि खरा वेग तर चौक संपल्यावरच सुरू होतो.

म्हणून हा नियम घरातच लागू झाला पाहिजे. गाडी चालवणाऱ्याने, मग तो बाप असो, मुलगी असो की भाड्याचा चालक, सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय चावी फिरवायची नाही. मागच्या आजींचाही पट्टा, कमरेचा भाग पोटावर न ठेवता नितंबाच्या हाडावर. गरोदर बाईचा पट्टा पोटाच्या खालून. तान्ह्या बाळाला मांडीवर न घेता मागच्या सीटवर मुलांच्या खुर्चीत. मोठी माणसं तोंड वाकडं करतील, ‘जवळच तर जायचं’ म्हणतील. त्यांना ७५ गाठींचा हिशेब सांगा, आणि त्यांनी पट्टा लावेपर्यंत गाडी हलवू नका.